‘परिणाम १८० मीटरपुरताच’ : हा आकडा कुणी मोजला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या दैनिकात प्रस्तावित उघड्या कोळसा खाणीची बातमी आली. चौकटीतला मथळा होता, ‘भूजलावरील परिणाम १८० मीटरपुरताच’. बातमीदारानं आकडा पर्यावरण अहवालातून उचलला, त्यात त्याचा काही दोष नाही. पण हा आकडा आला कुठून, हे बघायला मी अहवालातलं भूजलाचं प्रकरण मिळवून वाचलं. माझी सगळी नोकरी विहिरी, बोअर आणि उपसा चाचण्यांत गेली. निवृत्त झाले तरी असं प्रकरण हाती आलं की आधी परिशिष्ट उघडायची खोड काही जात नाही.

१८० मीटर हे अंतर कुणी मोजलेलं नाही. ते सिचार्टच्या सूत्रातून आलं आहे. पाण्याची पातळी जितके मीटर खाली न्यायची आहे, त्या आकड्याला ३००० नं गुणायचं आणि मग खडकाच्या जलवाहकतेच्या, म्हणजे त्यातून पाणी किती सहज वाहतं त्या आकड्याच्या, वर्गमुळानं पुन्हा गुणायचं. इथं पाणी ६० मीटर उतरवायचं आहे. जलवाहकता धरली आहे सेकंदाला एका मीटरचा दहा लाखावा भाग, म्हणजे दिवसाला साधारण साडेआठ सेंटीमीटर. वर्गमूळ आलं एक हजारांश. ३००० गुणिले ६० भागिले १०००, उत्तर १८०. एवढ्यावर अख्ख्या प्रकरणाचा निष्कर्ष उभा आहे.

इमारतीच्या पायासाठी खड्डा खणताना किती पंप आणावे लागतील, याचा झटपट अंदाज घ्यायला हे सूत्र बरं आहे. मीही वापरलेलं आहे. पण त्यात काळ नावाची गोष्टच नाही. पंप महिनाभर चालवा नाहीतर तीस वर्षं, उत्तर १८०च. खडकात पाणी किती साठतं हे त्याला ठाऊक नाही, पाऊस ठाऊक नाही आणि जमिनीखाली एकावर एक थर असतात हेही ठाऊक नाही. तीसेक वर्षं चालणाऱ्या खाणीचं भवितव्य अशा सूत्रावर सोडणं म्हणजे कमालच झाली.

आता थरांकडे येते, कारण खरी गोम तिथं आहे. परिशिष्टात बोअरचे लॉग, म्हणजे किती खोलीवर काय लागलं याच्या नोंदी, जोडल्या आहेत. वर माती आणि झिजलेला खडक, त्याखाली शेलचा, म्हणजे पाणी सहजी न जाऊ देणाऱ्या चिकणमातीच्या खडकाचा, जाड पट्टा, मग वाळूखडक, कोळसा, कोळशाखाली पुन्हा वाळूखडक. एका लॉगच्या शेवटच्या रकान्यात ड्रिलिंग करणाऱ्यानं शेरा मारला आहे : शेल संपताच पाणी लागलं आणि बोअरमध्ये बरंच वर चढलं. हा शेरा लिहिणाऱ्या माणसाला मी मनापासून हात जोडते. संपूर्ण अहवालातलं सर्वांत मोलाचं वाक्य त्याचं आहे, आणि मुख्य मजकुरात ते कुठंही आलेलं नाही. पाणी जिथं लागलं तिथून वर चढलं याचा अर्थ ते दाबाखाली आहे. म्हणजे शेलच्या वर एक मुक्त जलधर (पाणी साठवून वाहू देणारा, वरून न झाकलेला थर) आहे, आणि खाली कोळसा व वाळूखडक मिळून दुसरा, बंदिस्त जलधर आहे. अहवालानं मात्र दोन्ही एकत्र कालवून ‘परिसरातील जलधर’ असा एकच शब्द वापरला आहे.

यानं काय बिघडतं? इमारतीत तळमजल्यावरचा नळ पूर्ण सोडला की चौथ्या मजल्यावरची धार बारीक होते. पाइप रिकामा झालेला नसतो, दाब उतरलेला असतो. बंदिस्त जलधराला खाणीचं तोंड लागलं की तसंच होतं. आकड्यांत सांगायचं तर मुक्त जलधरात पातळी एक मीटर उतरवायला दर चौरस मीटर जागेखालून १०० लिटरच्या आसपास पाणी काढावं लागतं. बंदिस्त जलधरात तेवढ्याच उतारासाठी १०० मिलिलिटर काढलं तरी पुरतं. हजारपट फरक. म्हणून बंदिस्त थरात दाबाची घट झपाट्यानं आणि फार लांबपर्यंत पसरते.

थाईस या भूजलतज्ज्ञांनी १९३५ साली काळ आणि साठवण दोन्ही धरणारं समीकरण दिलं. १९४६ मध्ये कूपर आणि जेकब यांनी ते सोपं करून ठेवलं. भूजलाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ते सोडवता येतं. मी अहवालाचीच जलवाहकता घेतली, थराची जाडी २० मीटर धरली आणि साठवण गुणांक (पातळी एक मीटर उतरली की दर चौरस मीटरमागे किती घनमीटर पाणी सुटतं तो आकडा) बंदिस्त थरात नेहमी आढळतो तसा ०.०००१ घेतला. एका वर्षात परिणामाची कड खाणीपासून पावणेचार किलोमीटरवर पोचते. दहा वर्षांत बारा किलोमीटरच्या जवळ. साठवण गुणांक मुक्त जलधराचा, म्हणजे ०.१ घेतला, तर वर्षाअखेर हीच कड फक्त १२० मीटरवर असते. खडक तोच, खड्डा तोच. थर बंदिस्त की मुक्त, एवढ्यावर १२० मीटरचे पावणेचार किलोमीटर होतात.

हे बारा किलोमीटर ब्रह्मवाक्य समजून कुणी घाबरू नये. जमिनीत भ्रंश, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या जागा, असतात, कोळशाचा थर कुठंतरी पृष्ठभागावर येऊन संपतो, वरच्या शेलमधून थोडं थोडं पाणी झिरपून खाली येत राहतं. शिवाय कड म्हणजे जिथं परिणाम जेमतेम जाणवू लागतो ती जागा. विहिरी आटतात ती नव्हे. खरं अंतर माझ्या आकड्यापेक्षा बरंच कमी निघू शकेल. पण ते १८० मीटर आहे असं म्हणायला अहवालाकडे कसलाच आधार नाही. साठवण गुणांक मोजायचा तर उपसा चाचणी करताना शेजारी दुसरा निरीक्षण बोअर लागतो, त्यातली पातळी कशी उतरते हे बघावं लागतं. इथं ज्या बोअरमधून उपसा केला त्याच बोअरमध्ये पातळी मोजली आहे. अशा चाचणीतून साठवण गुणांक भरवशाचा निघत नाही.

थर बंदिस्त आहे की नाही हे ओळखायला फार मोठी यंत्रंही लागत नाहीत. रेल्वेच्या रुळांजवळच्या एका बोअरमध्ये मी टेप सोडून बसले होते. टेपच्या टोकाला पाणी लागलं की वर बझर वाजतो. पातळी स्थिर होती, बझर नेमका वाजायचा थांबेल इतक्या उंचीवर मी टोक धरलं होतं. लांबून भरलेली मालगाडी आली आणि बझर आपोआप वाजू लागला. गाडी निघून गेल्यावर पुन्हा बंद. गाडीच्या वजनानं खालचा थर किंचित दाबला गेला आणि बोअरमधलं पाणी वर सरकलं. मुक्त जलधरात हे सहसा दिसायचं नाही. हवेचा दाब उतरला की बंदिस्त थरातल्या बोअरचं पाणी असंच वर येतं. बोअरमध्ये पातळीची सतत नोंद घेणारं उपकरण सोडून शेजारी हवेच्या दाबाची नोंद ठेवली, तर काही आठवड्यांत शंका फिटते. अहवालवाल्यांनी एवढं तरी करायला हवं होतं.

त्यांनी केलंय काय? आजूबाजूच्या खणलेल्या, उथळ विहिरींची पातळी पावसाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा घेतली. या सगळ्या विहिरी शेलच्या वरच्या आहेत. खाणीचा पहिला आणि मोठा परिणाम ज्या खालच्या थरावर होणार, त्यातल्या पाण्याची एकही नोंद तक्त्यात नाही. पुढं काय होणार ते आत्ताच सांगते. पहिली काही वर्षं उथळ विहिरी ठीक राहतील. खाण चालवणारे तक्ता दाखवून म्हणतील, बघा, काही झालं का? त्याच काळात खोल बोअरवाल्यांचे पंप हवा ओढू लागतील. बोअर आटलेला नसेल, पाणी पंपाच्या खाली गेलेलं असेल. मग पाइप वाढवा, मोठा पंप बसवा, विजेचं बिल भरा. शेलमधून वरचं पाणी खाली उतरायला वेळ लागतो, त्यामुळे उथळ विहिरींची पाळी मागाहून येते. तोवर जुन्या तक्त्यांची आठवण कुणाला असणार?

आणखी एक युक्तिवाद नेहमी होतो, याही अहवालात आहे : खाणीत पाणी फारसं येणार नाही, म्हणजे परिणामही फारसा नाही. ऐकायला पटतं, पण बंदिस्त थराच्या बाबतीत हे साफ चूक आहे. वर १०० मिलिलिटरचा हिशेब दिला तो याचसाठी. खड्ड्यात येणारं पाणी कमी आणि दाबाची घट लांबवर, या दोन गोष्टी तिथं सुखानं एकत्र नांदतात.

कोळसा हाच जलधर कसा, असंही काही वाचक विचारतील. कोळशाचा गाभा ड्रिलमधून काढून पेटीत ठेवताना हाताळला तर कळतं. त्याला एकमेकींना जवळपास काटकोनात छेदणाऱ्या उभ्या चिरा असतात. त्यांना क्लीट म्हणतात. पाणी या चिरांतून वाहतं. एका दिशेच्या चिरा लांब आणि सलग, दुसऱ्या दिशेच्या आखूड. त्यामुळे पाणी एका दिशेला सोपं जातं आणि पातळीतली घट वर्तुळात न पसरता लांबट आकारात पसरते. अहवालाच्या नकाशावर मात्र खाणीभोवती कंपासनं काढल्यासारखी गोल रेघ आहे. क्लीटची दिशा कोणती, हे लॉगमध्ये कुणी लिहिलेलं नाही. अमेरिकेत वायोमिंग आणि मोंटाना राज्यांतल्या पावडर रिव्हर खोऱ्यात जनावरांच्या पाण्याचे कित्येक बोअर थेट कोळशाच्या थरातच आहेत. तिथं उघड्यावर आलेला कोळसा फार पूर्वी आपोआप पेटून वरचा खडक भाजून लाल झाला आहे. त्याच्या भेगांतून पावसाचं पाणी सहज आत शिरतं आणि कोळशाच्या थराला मिळतं. असं पुनर्भरणाचं तोंडच खाणीच्या हद्दीत आलं तर वरच्या अंगाला पाणी भरायची वाटच बुजते. आपल्या प्रस्तावित खाणीत कोळसा पृष्ठभागाजवळ कुठं येतो, हे अहवालाच्या नकाशावरून कळत नाही.

कोळशाखालचा वाळूखडक तर अहवालात विसरूनच गेले आहेत. खाण कोळशापाशी थांबणार, मग खालच्या पाण्याशी काय संबंध, असा त्यामागचा विचार असावा. पण खालचं पाणीही दाबाखाली असेल आणि खड्ड्याच्या तळाखाली फक्त चिकणमातीचा पट्टा उरला असेल, तर तळ फुगून फुटू शकतो. हिशेब वजनाचा आहे. ४० मीटर पाण्याचा दाब अडवायला, मातीचं वजन पाण्याच्या दुप्पट धरलं, तर निदान २० मीटर जाडीचा पट्टा हवा. तेवढा नसेल तर खालचा थरही उपसावा लागतो. जर्मनीत ऱ्हाईन नदीजवळच्या लिग्नाइटच्या (तपकिरी कोळशाच्या) खाणींत हेच करतात, वरचे आणि खालचे वाळूचे थर शेकडो विहिरींनी उपसतात. हाम्बाखचा खड्डा सुमारे ४०० मीटर खोल आहे. परिणाम खाणीच्या कुंपणात मावणारा नाही हे तिथं इतक्या लवकर कळलं की १९५८ साली कायदा करून एर्फ्ट नदीच्या खोऱ्यासाठी स्वतंत्र पाणी संघटना स्थापन झाली. गार्झवाइलर खाणीजवळच्या पाणथळ जागा टिकाव्यात म्हणून उपसलेलं पाणी प्रक्रिया करून पुन्हा जमिनीत मुरवतात. हाम्बाखचा खड्डा पुढं ऱ्हाईनचं पाणी आणून भरायची योजना आहे, त्याला चाळीसेक वर्षं लागतील. आपला प्रस्ताव एवढा अवाढव्य नाही, हे मान्य. पण जिथं अनुभव आहे तिथं ‘१८० मीटर’ म्हणून कुणी हात झटकत नाही.

आता थोडं नोंदींबद्दल. नोकरीत असताना एका खाणीजवळच्या तक्रारींच्या बैठकीला मला बोलावलं होतं. एका शेतकऱ्याची विहीर खाली गेली होती. साहेबांनी विचारलं, खाण सुरू होण्याआधी पाणी किती होतं? तो म्हणाला, “भरपूर होतं की.” अर्जाच्या रकान्यात ‘भरपूर’ लिहिता येत नाही. खाणवाल्यांच्या तज्ज्ञानं कमी पावसाकडे बोट दाखवलं आणि अर्ज निकाली निघाला. त्याच्या शेजारच्या विहिरीच्या मालकीणबाईंनी मात्र मुलाच्या जुन्या वहीत तारीख आणि कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर दर महिन्याला लिहून ठेवलं होतं. का, विचारलं तर म्हणाल्या, मोटार कोरडी चालू नये म्हणून. कमी पावसाच्या आधीच्या एका वर्षी त्यांचं पाणी कुठवर उतरलं होतं आणि खाणीनंतर कुठं गेलं, हे वहीत समोरासमोर दिसत होतं. तज्ज्ञ गप्प बसले. बाईंना नवा बोअर मिळाला.

अमेरिकेत उघड्या खाणींसाठी १९७७ साली केंद्रीय कायदा झाला. त्यात अर्जदारानं खाणीचे पाण्यावर संभाव्य परिणाम आधी ठरवून मांडायचे असतात. परवानगी देणाऱ्या यंत्रणेनं त्या भागातल्या सगळ्या खाणींचा एकत्रित परिणाम स्वतः तपासायचा असतो, आणि हद्दीबाहेरच्या पाण्याचं मोठं नुकसान टाळण्याची आखणी झाली आहे अशी खात्री पटल्याशिवाय परवाना द्यायचा नसतो. उघड्या खाणीमुळे कुणाचं पाणी गेलं तर ते भरून देणं खाणवाल्याची जबाबदारी. तिथंही सगळं आलबेल आहे असं नाही. पण प्रश्न कोणी विचारायचा आणि उत्तर कोणी द्यायचं, एवढं तरी ठरलेलं आहे. एकत्रित परिणामाची गोष्ट आपल्याकडेही लागू आहे, कारण बातमीतच खाली लिहिलं होतं की लगतच्या पट्ट्यासाठी दुसरा प्रस्ताव येतो आहे. दोन खड्ड्यांमुळे एकाच जागी होणाऱ्या घटींची बेरीज होते. अहवालात दुसऱ्या खड्ड्याचं नावही नाही.

खाण संपल्यावर काय, यावर अहवालात जेमतेम एक परिच्छेद आहे : खड्डा भरला जाईल, भूजल पूर्ववत होईल. पातळी कदाचित होईल, कैक वर्षांनी. पाणी तेच राहणार नाही. कोळसा काढून तिथं ओबी, म्हणजे फोडलेला वरचा खडक, परत टाकतात. चिरांच्या ठरावीक वाटा असलेला थर जातो आणि त्याच्या जागी दगडगोट्यांचा ढीग येतो. अखंड खडकात दडलेलं पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज, फोडल्यावर हवेला आणि पाण्याला मोकळं मिळतं, त्यातून सल्फेट, लोह आणि आम्ल तयार होतं. खडकात पुरेसं कार्बोनेट असेल तर आम्ल मारलं जातं, पण पाणी जड आणि खारट होतं. हे टाळता येतं की नाही हे थराथरानं नमुने घेऊन आम्ल-कार्बोनेटचा ताळेबंद मांडल्याशिवाय कळत नाही. अहवालात ओबीचा एकही रासायनिक तक्ता मला सापडला नाही. मधे जो खड्डा उघडा राहील त्यात तळं होईल. कोरड्या हवेत त्यातून होणारं बाष्पीभवन पावसापेक्षा जास्त असलं, तर ते तळं आजूबाजूचं भूजल कायम स्वतःकडे ओढत राहील. ‘पर्यटनास वाव’ असं तिथं लिहिलंय, त्यावर मी काही बोलत नाही.

उपसलेलं पाणी गावांना देऊ, हे आश्वासनही आहे. चांगलं आहे, घ्यावं. फक्त पंप खाणीचे आहेत आणि खाण बंद होईल त्या दिवशी तेही बंद होतील, एवढं लिहून घ्यावं.

मी खाणीच्या विरोधात आहे का, असं घरातही विचारून झालं. माझं म्हणणं त्याहून साधं आहे. हे प्रकरण परत पाठवा. शेलच्या वर, कोळशात आणि कोळशाच्या खाली अशा तीन वेगवेगळ्या खोलींवर, एकाच जागी शेजारी शेजारी पिझोमीटर, म्हणजे फक्त त्या थरातल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या बारीक नळ्या, बसवा, आणि अशा जागा खाणीच्या चारी बाजूंना निवडा. किमान दोन वर्षं त्यांची सलग नोंद ठेवा, म्हणजे चांगल्या आणि वाईट पावसाचा फरक तरी दिसेल. उपसा चाचणीला निरीक्षण बोअर जोडा आणि ती चोवीस तासांत गुंडाळू नका. कोळशातल्या पाण्याचा ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार, तपासा. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे त्या काळानंतर मुरलेल्या पाण्यात तो सापडतो. अजिबात सापडला नाही, तर ते पाणी त्याआधीचं आहे, आणि एकदा उपसलं की या पिढीत ते परत भरणार नाही. खाणीच्या भोवतालच्या दहा किलोमीटरमधली प्रत्येक विहीर आणि बोअर, खोली आणि पातळीसकट नोंदवा, आणि त्या नोंदीची सही-शिक्क्याची एक प्रत विहीरमालकाच्या हातात द्या. कोळसा कोट्यवधी वर्षं तिथंच आहे, दोन वर्षांत कुठं जात नाही.

तुमच्या बातमीदारालाही एक विनंती. सुनावणीला गेलात तर अहवाल लिहिणाऱ्यांना एवढंच विचारा की साठवण गुणांक किती धरला, आणि तो कुठल्या बोअरवर मोजला. उत्तर आलं तर त्याच चौकटीत, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा. आलं नाही, तर तेही छापा.

आपली,
एक निवृत्त भूजलतज्ज्ञ वाचक